स्पर्शाला किरकोळ कोण म्हणते?

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेची माहिती देताना क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. आधी आकार, मग व्रण कुठे लपेल ते, मग घरी कधी जाता येईल, मग खर्च आणि हप्ते. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा नंबर त्यानंतर लागतो. यादी संपता संपता एक वाक्य येते: त्वचेची किंवा स्तनाग्राची संवेदना थोडीफार बदलू शकते, पण ते क्वचित होते, बहुधा तात्पुरते असते, किरकोळ असते. माझा वाद या शेवटच्या वाक्याशी आहे. शस्त्रक्रियेशी नाही, सज्ञान बाईने आपल्या शरीराचे काय करायचे ते तिचे तिने ठरवावे, त्यात शेजारपाजाऱ्यांनी आणि संपादकीयांनी नाक खुपसू नये. पण त्या एका वाक्यात तीन दावे आहेत आणि त्यांतले पहिले दोन जेमतेम अर्धे खरे आहेत. तिसरा साफ चुकीचा आहे. तरी तो टिकून आहे, कारण स्तन हा बघणाऱ्यासाठी असलेला अवयव आहे, असे डॉक्टरांपासून टीकाकारांपर्यंत सगळेच मनातल्या मनात धरून चालतात.

आधी आत काय होते ते पाहू. स्तनाग्राला आणि त्याभोवतालच्या गडद वर्तुळाला स्पर्शाची जाण मिळते ती बरगड्यांच्या मधून येणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंच्या शाखांमधून. त्यांत चौथ्या तंतूची काखेच्या अंगाने येणारी शाखा सर्वांत भरवशाची. ती बहुतेक स्त्रियांमध्ये छातीच्या स्नायूवरच्या पातळ पडद्याला धरून आत सरकते आणि स्तनाग्राला मागच्या बाजूने गाठते. सिलिकॉनची पिशवी बसवायची तर ग्रंथीच्या मागे किंवा स्नायूच्या मागे पोकळी करावी लागते. म्हणजे हत्यार, बोट आणि नंतर कायमचा दाब, हे सगळे नेमके या शाखेच्या वाटेवर किंवा वाटेशेजारी येते. छेद स्तनाखाली घ्यावा, वर्तुळाच्या कडेने घ्यावा की काखेतून, यावर चर्चा पुष्कळ होते, कारण व्रण दिसतो. पण तंतूच्या दृष्टीने पोकळी काखेकडे किती लांबवर मोकळी केली आणि आत केवढी पिशवी भरली, हे निदान तितकेच निर्णायक आहे. बाईच्या मूळ बांध्याच्या मानाने पिशवी मोठी असेल तर तंतू ताणला जातो, पातळ होतो, कधी तुटतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आकार ही डॉक्टरने नव्हे, बाईने निवडायची गोष्ट आहे. आकार आणि संवेदना यांचा संबंध तिला आधी सांगितला तर ती लहान पिशवी निवडू शकते. त्यामुळे ‘सांगून काय उपयोग, व्हायचे ते होणारच’ हा बचाव इथे लागूच पडत नाही.

आता ‘तात्पुरते’. नुसता ताणलेला किंवा दाबला गेलेला तंतू काही आठवड्यांत, काही महिन्यांत शुद्धीवर येतो, हे खरे आहे, आणि बहुतेक जणींना पुष्कळशी संवेदना परत मिळते हेही खरे आहे. तुटलेल्या तंतूचे गणित वेगळे. तो साधारण दिवसाला एक मिलिमीटर या चालीने वाढतो आणि आपल्या ठिकाणी पोचेलच असे नाही. पोचला तरी जे परत येते ते जुने असते असेही नाही. काहींना बधिरपणा राहतो; काहींना उलट इतकी तीव्र जाणीव येते की ओला पदर किंवा अंतर्वस्त्राची शिवण लागली तरी कळ उठते. किरकोळ म्हणणाऱ्यांच्या यादीत हा दुसरा प्रकार सहसा नसतोच. शिवाय या पिशव्या जन्मभराच्या नसतात. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी पहिली सिलिकॉनची पिशवी बसवली तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या नमुने बदलले. पण फाटणे, भोवतालचे आवरण आवळून कडक होणे, पिशवी सरकणे ही कारणे उरलीच आहेत आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ अनेकींवर येते. प्रत्येक वेळी तीच जागा पुन्हा उघडायची. पहिल्या वेळेस वाचलेला तंतू दुसऱ्या वेळेस वाचेल याची हमी कुणी देत नाही.

‘क्वचित’ या शब्दाचे तर आणखी अवघड आहे. संवेदनेची नोंद कशी घेतली यावर आकडा ठरतो. बाईने आपण होऊन तक्रार केली तरच धरायची म्हटले तर आकडा लहान येतो, कारण ही तक्रार करायला जीभ रेटत नाही. त्यातून समोरचा डॉक्टर पुरुष असेल आणि नवरा बाहेर बाकावर बसलेला असेल तर विचारायलाच नको. तिला विचारले तर आकडा वाढतो. डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या बारीक तंतूने जागोजागी तपासले तर आणखी वेगळे चित्र दिसते. विचारण्याच्या पद्धतीनुसार आकडा असा हलत असेल तर न विचारणाऱ्याने ‘क्वचित’ म्हणणे हा पुरावा नव्हे.

पण वादाचा गाभा तिसऱ्या दाव्यात आहे. समजा संवेदना गेली, तर बिघडले काय? पहिले उत्तर कुणीही देईल आणि बहुतेक जण ते दबक्या आवाजात देतील: शरीरसुख. ते मोठ्याने द्यायला हवे. अधिक देखणे वाटावे, जवळीक सुखाची व्हावी म्हणून शस्त्रक्रिया करायची आणि तिच्यात स्वतःच्या सुखाचा एक भाग हरवून बसायचे, हा सौदा बाईला मान्य असेलही. पण सौदा आहे हे तिला ठाऊक तर हवे. दुसरे उत्तर दुधाचे. मूल ओढू लागले की स्तनाग्राची जाणीव याच बरगड्यांमधल्या तंतूंवाटे मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जाते, ऑक्सिटोसिन स्रवते आणि पान्हा फुटतो. दूध तयार होणे आणि दूध उतरणे या दोन गोष्टी आहेत. दुसरी या जाणिवेवर बरीच अवलंबून असते. पिशव्या असलेल्या बऱ्याच स्त्रिया मुलांना अंगावर पाजतात, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवे. पण काहींना दूध कमी पडते, आणि वर्तुळाच्या कडेने छेद घेतला असेल तर त्यात दुधाच्या नळ्या कापल्या जाण्याची भर पडते. पंचविशीतल्या, अजून मूल न झालेल्या मुलीला हे आकार निवडण्याआधी कळायला हवे.

तिसरे उत्तर सगळ्यांत कमी ऐकू येते आणि मला ते सगळ्यांत ठोस वाटते. त्वचेची जाणीव ही राखण आहे. चटका लागला की आपण अंग मागे घेतो, ते जाणीव असते म्हणून. कर्करोगानंतर नव्याने घडवलेल्या बधिर स्तनावर गरम पाण्याच्या पिशवीने, शेकण्याच्या गादीने भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. बाईला भाजते आहे हे कळलेच नाही. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची पद्धत अजून मोडलेली नाही. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, दूध साचून गाठ आली तर गरम फडक्याचा शेक. शेक देणारी सासू किंवा आई ‘लागतंय का गं?’ असे विचारते आणि उत्तरावर विसंबते. जिथे उत्तर देणारा तंतूच नाही, तिथे काय होईल हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि शरीराचा बधिर झालेला भाग ही गंभीर गोष्ट आहे, हे आपल्या आरोग्ययंत्रणेला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. तिला ते पाठ आहे. कुष्ठरोग शोधण्याच्या मोहिमेत आशाताई घरोघर जाऊन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, आणि तो बधिर आहे का? संशय आला की तंत्रज्ञ माणसाला उजेडात बसवतो, डोळे मिटायला लावतो, बॉलपेनच्या टोकाने किंवा नायलॉनच्या तंतूने हलकेच टेकवतो आणि सांगतो, जिथे लागले तिथे बोट ठेवा. बोट चुकले की नोंद होते. आमच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शेजारच्या पनवेल तालुक्यात नेऱ्याला कुष्ठरोगनिवारणाचे शांतिवन उभे आहे. या पट्ट्याला बधिर बोटाचे काय होते ते चांगले ठाऊक आहे. कातकऱ्याच्या तळहातावरचा रुपयाएवढा बधिर चट्टा सरकारी कागदावर येतो आणि बाईच्या छातीवरचा तळहाताएवढा बधिर भाग किरकोळ म्हणून सोडला जातो. एकात रोगाचा संशय असतो आणि दुसऱ्यात नसतो, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण म्हणून दुसऱ्याचे मोजमापच नको, असे त्यातून निघत नाही.

इथे हटकून येणारा आक्षेप असा की हा विषय कर्जत-खालापूरचा नव्हेच. खांडसच्या वाडीतल्या आईचे वजन भरत नाही, पोर कुपोषित आहे, आणि तुम्ही सिलिकॉनच्या पिशव्यांवर काय लिहिता? आक्षेपातला सात्त्विक संताप मला समजतो, पण त्याची माहिती जुनी आहे. २०१८ साली तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली रुग्णालयात ही शस्त्रक्रिया गरिबांना मोफत देऊ केली, तेव्हाच ती फक्त श्रीमंतांची उरली नाही. आता तर ती हप्त्यांवर मिळते. खोपोलीहून किंवा कर्जतहून सकाळची लोकल पकडून ठाण्या-मुंबईत कामाला जाणाऱ्या मुलींच्या फोनवर त्याच जाहिराती येतात ज्या वांद्र्याच्या मुलींच्या फोनवर येतात. लिंगबदलाच्या उपचारांचा भाग म्हणून ही शस्त्रक्रिया मागणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींबाबत तर २०१९ च्या कायद्याने सरकारवर आरोग्यसेवेची जबाबदारीच टाकली आहे; त्यांच्या बाबतीत संवेदनेचा प्रश्न कमी मोलाचा ठरवण्याचे धाडस कुणी करू नये.

त्याहून मोठा मुद्दा अंतराचा आहे. कर्जत स्थानक मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटर. खोपोलीची बाई पळसदरीमार्गे आधी कर्जतला येणार आणि पुढे दोन तास लोकलमध्ये. शस्त्रक्रियेनंतर टाके काढायला ती जाईल. पण संवेदनेची कहाणी टाके निघाल्यावर सुरू होते आणि वर्षभर चालते. सहाव्या महिन्यात छातीत झिणझिण्या येतात, एक बाजू बधिर वाटते, म्हणून कामाचा खाडा करून ती शंभर किलोमीटर जाईल का? ती जाणार चौकच्या नाहीतर कशेळ्याच्या डॉक्टरकडे, आणि त्याच्यापाशी शस्त्रक्रियेचा कागद नसणार, आधीची तपासणी नसणार, पिशवी केवढी आणि कुठे बसवली हेही ठाऊक नसणार. जी शंका शहरातल्या रुग्णाला एका फोनवर विचारता येते, ती इथे एकटीने वागवावी लागते. म्हणून दूरच्या बाईला आधी अधिक सांगायला हवे. घडते नेमके उलटे.

शिवाय हाच बधिरपणा या दोन तालुक्यांतल्या बायकांना हौसेविना भोगावा लागतो, तो कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर. स्तन काढला की त्याची संवेदना जाते. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला जाण देणारा तंतू कापला गेला की तो दंडही सुन्न होतो, कधी वर्षानुवर्षे जळजळतो. जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया होते, जीव वाचतो, आणि जीव वाचला यापुढे दंडाचे काय घेऊन बसायचे, असे सगळे म्हणतात. तिथे प्राणाचे कारण तरी आहे. म्हणून ऐच्छिक शस्त्रक्रियेचा प्रश्न आधी सोडवावा, असे मी म्हणतो: जिथे न सांगण्याला काहीच सबब नाही, तिथेही आपण सांगत नसू, तर परळच्या कर्करोग रुग्णालयाच्या गर्दीत कुणी सांगेल ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

कायदेशीर बचाव मात्र वजनदार आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी संमतीचा कायदा मांडला. तपासणीसाठी भूल दिलेल्या अविवाहित स्त्रीचे गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकले होते. न्यायालयाने सांगितले, ही संमती चालणार नाही. रुग्ण सज्ञान आहे, तातडी नव्हती, तिला शुद्धीवर येऊ द्यायला हवे होते. संमती खरी ठरायची तर उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम सांगायला हवेत. पण त्याच निकालात दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगायची गरज नाही असेही म्हटले आहे, आणि किती सांगायचे हे रुग्णाची अवस्था, उपचाराचे स्वरूप आणि प्रचलित वैद्यकीय रीत पाहून डॉक्टरने ठरवावे, अशी मुभा दिली आहे. बचाव इथे उभा राहतो: संवेदनेतला बदल सांगण्याची रीत नाही, म्हणून सांगितले नाही. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. तंतू पोकळीच्या वाटेवरच येतो, उत्पादकांची माहितीपत्रकेही हा परिणाम नोंदवतात, तेव्हा हा धोका दूरचा नाही. आणि न्यायालयाने दिलेली मुभा आजाराला धरून आहे. गरीब, घाबरलेला रुग्ण जास्त ऐकून आवश्यक उपचारच टाळेल, ही त्यामागची काळजी होती. स्तनवर्धनात आजार कुठे आहे? नाकारले तर बाईचे काडीचे नुकसान नाही. जिथे नकाराची किंमत शून्य, तिथे माहिती झाकण्याची मुभाही शून्यच असायला हवी.

‘पण बायका घाबरतील’ हा आक्षेप मग उरतच नाही. घाबरून एखादी परत गेली तर बुडते ते क्लिनिकचे उत्पन्न. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या पिशव्यांवर चौकटीतला इशारा सक्तीचा केला आणि रुग्णाने मुद्दा मुद्दा वाचून आद्याक्षरे घालायची यादी दिल्याशिवाय विक्रीला बंदी घातली. त्या यादीत त्वचेची आणि स्तनाग्राची संवेदना बदलणे किंवा जाणे नावानिशी आहे. तरी तिथल्या शस्त्रक्रिया काही थांबल्या नाहीत.

आता त्या दुसऱ्या बाजूकडे वळतो जी मला टाळ्या वाजवायला टपलेली असेल. ‘बघा, आम्ही म्हणतच होतो, देवाने दिलेल्या शरीराशी खेळू नये, हौसेला मोल आहे.’ या मंडळींना माझा पाठिंबा नाही. त्यांनाही बाईच्या संवेदनेचे सोयरसुतक नाही. त्यांना तिच्या चालचलणुकीचे आहे. जाहिरातवाल्याला स्तन मोठा दिसायला हवा आणि उपदेशकाला तो झाकलेला दिसायला हवा, दोघेही बाहेरूनच बघतात. आतून जे कळते ते एकटीलाच कळते, म्हणून दोघांच्याही हिशेबातून ते गळते. गंमत म्हणजे आपले नियमही याच बाहेरच्या नजरेने लिहिलेले आहेत. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा परिशिष्टात स्त्रीच्या वक्षाचा आकार आणि घडण यांचे नाव घेतो. तेला-मलमांच्या जाहिरातींना तिथे बंदी आहे. आकाराची काळजी कायद्याला सत्तर वर्षांपूर्वीच पडली होती. आणि डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची घ्यायची हे सांगताना आधी पती किंवा पत्नी येतात, मग अज्ञानाचे पालक, आणि मग कुठे स्वतः रुग्ण. समीरा कोहली निकालानंतरही हे शब्द तसेच आहेत. तालुक्याच्या ठिकाणी या नियमाचा अर्थ सरळ लावला जातो: सहीसाठी नवऱ्याला बोलवा.

सही आहे ना, मग झाले, हा शेवटचा आक्षेप म्हणूनच सगळ्यांत पोकळ. कागद बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरात, शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी हातात दिलेला. करायचे काय ते अवघड नाही. मराठीत एक पान. त्यावर आकार आणि संवेदना यांचा संबंध, बधिरपणा कायमचा राहू शकतो हे, कळ उठू शकते हे, दुधाविषयी हे, शेकताना जपण्याविषयी हे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सहाव्या व बाराव्या महिन्यात नायलॉनच्या तंतूने तपासणी, तिची नोंद बाईच्या हाती, म्हणजे चौकच्या डॉक्टरलाही ती वाचता येईल. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी कुष्ठरोग तंत्रज्ञाला ओटीवर बसून काम करताना एकदा पाहावे. आणि कायद्याची भाषा शोधायला लांब जायला नको. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यात पाचव्या कलमात लिहिलेलेच आहे: सर्व ज्ञात दुष्परिणाम त्या स्त्रीला समजावून सांगायचे, तिला समजणाऱ्या भाषेत तिची स्वतःची लेखी संमती घ्यायची आणि त्या संमतीची प्रत तिला द्यायची. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत ऐच्छिक शस्त्रक्रियांपुरते हेच शब्द घालायला मंत्रालयात एखादी फाईल पुरे आहे, आणि त्यात नवऱ्याच्या सहीसाठी रकाना ठेवू नये.